डबल बेल

१

"वर्षालीच्या प्रोग्रामात ज्यानं ज्यानं टाळी देल्ली ना, त्याची टाळी मंग त्याच्याजवळ..."

एवढंच माझ्या कानावर आलं. तेवढ्यात चक्कीवाल्यानं पट्टा चढवला आणि पुढचं सगळं ज्वारीसोबत दळल्या गेलं. बोलणारी होती माया, आमच्या गल्लीतल्या शेवटच्या घरातली. ऐकणारी तिची जाऊ. मी दळणाचा डबा खाली ठेवून पुढं सरकले आणि मायाचे ओठ पाहत राहिले. ओठांवरून मला बरंच कळतं, घरातच त्याची सवय झाली आहे. पण मायानं नेमका पदर तोंडावर धरला, पिठाचा धुराळा उडत होता म्हणून.

चक्की थांबल्यावर मी सरळ विचारलं, काय व माया, टाळीचं काय म्हणत होती? तर म्हणे काही नाही मावशी, असंच. आणि डबा न झाकताच निघून गेली. पीठ उघडं घेऊन रस्त्यानं जाणारी बाई मी अकोल्याच्या जठारपेठेत पहिल्यांदा पाहिली.

मला गल्लीत चौकशी ऑफिस म्हणतात. म्हणोत. पण अर्धवट गोष्ट माझ्या पोटात राहत नाही, दुखते.

२

वर्षाली आणि ललित ही बहीणभावंडं आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. मूळचे मूर्तिजापूरकडचे, आईवडील अजून तिकडं शेतावरच असतात. ललित कॉम्प्युटरचं काम घरी बसून करतो. वर्षाली नाच शिकलेली आहे, लहान मुलींचे क्लास घेते. त्यांच्या घराची एक चावी माझ्या देवघराच्या खिळ्याला असते आणि माझ्या हातच्या ठेच्याची वाटी त्यांच्या फ्रिजमध्ये. पोरं माझी नाहीत, पण माझी नाहीत असं मला कोणी सांगू नये.

त्यांचा कार्यक्रम काय असतो ते ललितनं मला बसवून समजावलं होतं. मी दहावीपर्यंत शिकलेली, मला समजलं तसं सांगते. स्टेजवर एका बाजूला ललित लॅपटॉप घेऊन बसतो. त्याच्या मागं पांढरा पडदा, तो जे टाइप करतो ते सगळं पडद्यावर दिसतं. आधी लिहून आणलेलं काही नसतं. पाहायला आलेल्या लोकांनी एकेक करून माईकपाशी जायचं आणि टाळी द्यायची. ललित ती टाळी पकडतो, एक ओळ लिहितो, आणि तुमची टाळी भोंग्यातून फिरून फिरून वाजायला लागते. मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. लोक ओरडून सांगतात, जोरात कर, उलटी फिरव, तो ओळ बदलतो. आणि त्या सगळ्या टाळ्यांवर वर्षाली नाचते. पुढचा ठोका कोणता येणार ते तिलाही माहीत नसतं, त्यालाही नसतं.

गल्लीजवळच्या हॉलमध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला तेव्हा अख्खा मोहल्ला गेला होता. मायानं टाळी दिली. भागीरथा आजीनं दिली, तिची टाळी भाकरीसारखी, जाड आणि ओली. भोंग्यातून आपली टाळी ऐकून आजी तोंड झाकून हसत होती. मी बोलण्याच्या नादात मागं राहिले, माझा नंबर लागेपर्यंत ललितनं माईक बंद केला. मला तेव्हा वाईट वाटलं होतं.

३

आमच्या घरी टाळीला फार किंमत आहे, म्हणून हे सांगितलं पाहिजे.

आमचे हे, म्हणजे खुशालराव, एसटीत कंडक्टर होते. अकोला-अमरावती गाडीवर असताना पुढच्या दारात उभं राहून मागच्या सीटवर झोपलेल्याला उठवतील असा आवाज. तंबाखूच्या खर्ऱ्यानं घसा खाल्ला. नागपूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला भोक आहे, त्यात नळी. श्वास तिथूनच चालतो. बाकी माणूस ठणठणीत, सायकल चालवतो, भाजी आणतो, माझ्यावर डोळे वटारतो.

बोलायला ओठ हलवतात, ते मी वाचते. पण मी स्वयंपाकघरात आणि हे मागच्या खोलीत असले की ओठ काय कामाचे? तर यांनी गाडीतलीच रीत घरात आणली. कंडक्टरनं एकदा घंटी मारली की गाडी थांबते, दोनदा मारली की निघते. घरात एक टाळी म्हणजे सुभद्रे, थांब, पुरे. दोन टाळ्या म्हणजे निघ, इकडं ये. डबल बेल आली की हातातलं टाकून मी निघते. "आली, आली," म्हणत. ऑपरेशनपासून आमचा संसार याच घंटीवर चालला आहे.

४

चक्कीवरच्या गोष्टीनंतरच्या गुरुवारी भजनाला मी मुद्दाम मायाला चिकटून बसले.

भजन रंगात आलं. बायका टाळ्या धरून गात होत्या. माया माझ्या उजव्या हाताला. मी गाता गाता तिच्याकडं कान दिला आणि मला काहीतरी खटकलं. काय खटकतंय ते आधी कळेना. भरल्या ताटात एखादी वाटी नसली की तसं वाटतं. मग दिसलं. मायाचे हात एकमेकांवर पडत होते, बांगड्या किणकिणत होत्या, पण तळहातांचा आवाज नव्हता.

मी मनाला समजावलं. झांजा वाजत आहेत, बाई हळू टाळी देत असेल, हाताला क्रीम लावलं असेल. पण तिचे तळवे लाल झाले होते. माणूस आवाज काढायला जीव तोडून मारतो तसे ती मारत होती. माझी नजर पडलेली पाहून तिनं हात मांडीखाली दाबले आणि आरतीच्या आधीच उठून गेली.

५

भागीरथा आजीकडं जायला मला निमित्त लागत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले. आजी भाकरी थापत होती. मी पाट ओढून बसले आणि सुनांच्या गोष्टी काढल्या. आजी बोलत होती, परातीत हात फिरत होता. उंडा, पीठ, तळवा. भाकर गोल गोल वाढत होती.

स्टोव्हची घरघर ऐकू येत होती. बाहेर कोणी गाडीला किक मारत होतं. तव्यावरची भाकर फुगताना सुस्कारा टाकत होती, तोही ऐकला मी. फक्त परातीतून काही येत नव्हतं. थाप पडत होती आणि थापेचा आवाज नव्हता.

मी विचारलं, आजी, भाकरीचा आवाज काहून येऊन नाही राहिला?

आजीनं हातावरचं पीठ झाडलं. "हौ व. हॉलात जाऊन आल्यापासून नाही येत," म्हणे. "हातं म्हातारे झाले माये. दात गेले, नजर गेली, आता हे गेलं. भाकर तं होते ना? खाऊन जाय."

भाकर खाल्ली. चांगली होती.

६

त्याच आठवड्यात पोरं अमरावतीला गेली. राजापेठेतल्या एका हॉलमध्ये त्यांचा मोठा कार्यक्रम ठरला होता, जागा पाहायची होती. लॅपटॉप, भोंगे, सगळं सोबत नेलं. गाडीत सामान चढवायला मीच हात लावला होता.

दुपारी जेवून मी भिंतीला टेकून बसले होते. हे मागं झोपलेले. गल्लीत दुपारी इतकी शांतता असते की नळाची गळतीही ऐकू येते. आणि भिंतीपलीकडं टाळ्या वाजायला लागल्या.

हळूच. अशा की कोणी आपल्याशीच ठेका धरला आहे. आधी एक, मग तिच्यात दुसरी मिसळली. मी भिंतीला कान लावला. चुना गार होता. पोरांनी काही चालू ठेवलं असेल, मी म्हटलं, रेडिओ, मोबाइल, आजकाल काय काय असतं. चावी घेतली आणि गेले. कुलपात चावी फिरली तसा आवाज थांबला.

पुढची खोली रिकामी. नाचायची जागा म्हणून त्यांनी तिथं काहीच ठेवलेलं नाही, नुसती फरशी. पंखा बंद. सगळ्या पिना भिंतीतून काढून ठेवलेल्या, ललित त्याबाबत फार जपून वागतो. आतल्या खोलीत पाहिलं, न्हाणीत पाहिलं. फ्रिजमध्ये माझी वाटी होती. मांजर म्हणावं तर खिडक्या लावलेल्या.

मी बाहेर येऊन कुलूप लावलं. चावी काढत होते तेव्हा दाराच्या आतून, अगदी जवळून, थप, थप, थप. जाड आणि ओली. भागीरथा आजीची भाकर.

७

हे सगळं मी यांना सांगणार, तेवढ्यात उलटंच होऊन बसलं.

पोरं परत आली ती एक कल्पना घेऊन. ललितनं यांच्या घंटीची रीत ऐकली होती, त्याला ती फार आवडली. म्हणे काका, अमरावतीच्या कार्यक्रमात तुम्ही स्टेजवर उभे राहा. तुमची एक टाळी, वर्षाली थांबणार. दोन टाळ्या, निघणार. अख्खा नाच तुमच्या हातात. यांचा चेहरा असा झाला की मी कितीतरी दिवसांत तो पाहिला नव्हता. लगेच उठून ट्रंकेतून खाकी ड्रेस काढला, बिल्ला घासायला बसले.

मी नको म्हणाले. कारण काय, तर सांगता येईना. ललितला बाजूला घेऊन सगळं बोलले, माया, आजी, भिंत. तो हसला, पण प्रेमानं हसला. "काकू, टाळी काय वस्तू हाय का, कोणी उचलून नेईन?" त्यानं मोबाइलवर माझा फोटो काढला आणि म्हणे, पाहा, तुमी मोबाइलात आल्या, पण इथं बी हायच ना. हे बी तसंच हाय.

मला ते पटलं. पटलं, तरी पोटातलं गेलं नाही. रात्रीच्या जेवणाला बसलो तेव्हा मी यांना म्हटलं, तुमच्याजवळ बोलायला तेवढंच उरलं आहे, ते कशाला वाटता? यांनी मोठ्यानं एक टाळी मारली. सिंगल. थांब. मग ओठ हलवले, हळू, मला नीट वाचता यावं म्हणून.

"सुभद्रे, लोकं मले पाह्यतात तं गळा पाह्यतात. एक डाव हात पाहू दे."



८

राजापेठेतला हॉल भरलेला होता. क्लासची पोरं, कॉलेजच्या मुली, त्यांना पाहायला आलेली आणखी पोरं. मी मधल्या वाटेच्या कडेला बसले, नळी साफ करायचं सामान पिशवीत घेऊन.

लोकांनी टाळ्या दिल्या, पडद्यावर ओळी चढत गेल्या. मग ललितनं यांना बोलावलं. खाकी ड्रेस, बिल्ला, खांद्याला तिकिटाची जुनी पिशवी. गळ्याभोवती वर्षालीनं स्वच्छ रुमाल बांधून दिला होता. लोक चूप झाले. यांनी दोन टाळ्या मारल्या आणि वर्षाली सुटली. एक मारली, ती एका पायावर जागच्या जागी. यांनी तिला तसंच ठेवलं, आरामात पिशवीचा पट्टा नीट केला, लोकांकडं पाहिलं. हॉल हसायला लागला. "काका, सोडा आता गाडी," कोणी ओरडलं. मग डबल. सारा हॉल ओरडला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

नंतर ललितनं यांच्या टाळ्याही ओळींमध्ये घेतल्या आणि हे बाजूला उभे राहिले, दोन्ही हातांनी पिशवी धरून. नाच वाढत गेला, मग उतरत गेला. ललितनं एकेक ओळ पुसली. पडदा पांढरा झाला. त्यानं लॅपटॉपवरून हात उचलून सगळ्यांना दाखवले, झालं म्हणून.

वर्षाली थांबलेली. हॉल शांत.

आणि दोन टाळ्या वाजल्या. वर्षाली निघाली.

यांचे हात पिशवीवरच होते. ललितचे हवेत. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला, त्यांनी कडकडाट केला. पण मी वर्षालीला पाहत होते. ती भोंग्यांकडं वळली नव्हती. ती मधल्या वाटेकडं पाहत होती, माझ्या खुर्चीच्या शेजारी, जिथं कोणी नव्हतं. आणि मलाही आवाज तिथूनच आला होता. माझ्या डाव्या कानापाशी.

९

घरी आल्यावर यांनी मला चहा मागायला टाळ्या मारल्या. मी समोरच होते म्हणून कळलं. तळवे भिडले, आवाज नाही. यांनी परत मारल्या. मग भिंतीवर मारून पाहिलं, मांडीवर, दारावर. बोटांच्या पेरांनी वाजवलं तर वाजतं, पळीनं वाजवलं तर वाजतं. तळहातात काही राहिलं नव्हतं. हे बराच वेळ हात उलटेपालटे करून पाहत राहिले, सुट्टे पैसे पडले असतील तसे. मग माझ्याकडं पाहून हसायचा प्रयत्न केला. मी चहा ठेवायला गेले आणि तिथं पदर तोंडात धरून रडले.

मी मायाकडं गेले. आता तिनं सांगितलं. चक्कीवर ती म्हणत होती ते असं, की टाळी मग त्याच्याजवळ राहत नाही, त्या पोरीच्या नाचापाशी जाऊन राहते, तिच्या पायाखाली, आणि तिथून हलत नाही.

ललितला कळलं तेव्हा तो हसला नाही. त्यानं लॅपटॉप उघडून यांची टाळी लावली. रेषा दिसत होत्या, आवाज नव्हता. म्हणे इथं बी नाही काकू, फाइल मुकी झाली. त्याच्या ओठांचा रंग गेला होता. वर्षाली दाराशी उभी होती. ती खाली पाहत बोलली.

"मी एकटी नाचतो तेव्हा माया काकूची येते. आजीची येते. मले वाटे सगळ्याच नाचणाऱ्यायले ऐकू येत असन." मग थांबून म्हणाली, "काकांची नाही येत."



पोरांनी पुढचे कार्यक्रम बंद केले. ललितनं यांच्यासाठी एक बटण आणून दिलं, दाबलं की स्वयंपाकघरात घंटी वाजते. घंटी कसली, चिमण्या ओरडतात. यांना ते बटण मुळीच आवडलं नाही. दाबायचे आणि कपाळाला हात लावायचे.

१०

दिवाळीनंतरची दुपार. मी ओट्यापाशी खाली बसून वांगी चिरत होते. पोरं मूर्तिजापूरला गेलेली. भिंत शांत होती.

माझ्या डाव्या कानापाशी दोन टाळ्या वाजल्या.

"आली, आली," मी म्हटलं आणि विळी बाजूला सारली. उठले, आणि तेव्हा समजलं की मी कशाला उत्तर दिलं. ओट्याजवळ कोणी नव्हतं. माठ होता, त्यावर गडू. दार उघडं, अंगणात ऊन. माझे पाय जागीच राहिले. जाऊ नको, असं माझ्यातलंच कोणी म्हणत होतं, कारण तो आवाज यांचा आहे, पण हे तिथं नाहीत. परत दोन वाजल्या. घाईनं, उशीर झालेल्या गाडीला मारतात तशा. मी धावले.

हे दिवाणावर आडवे होते. डोळे फिरलेले, ओठ निळे. गळ्यातली नळी कफानं भरली होती. बटण दिवाणाखाली पडलेलं. दोन्ही हात अंगाच्या बाजूला, ढिले, उपडे. मी आतली नळी ओढून काढली, बसवून पुढं वाकवलं, नर्सनं शिकवलं होतं तसं सगळं केलं. कितीतरी वेळानं भोकातून शिट्टीसारखा श्वास आला. मग दुसरा.

शुद्धीवर आल्यावर ओठ हलवून विचारलं, "कशी आली तू?"

मी म्हटलं, "तुमीच बलावलं."

यांनी स्वतःच्या हातांकडं पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून मागं, स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं, आणि बराच वेळ तिकडंच पाहत राहिले. मी मान वळवली नाही.

म्हणजे माया म्हणत होती त्यातलं अर्धंच खरं निघालं. टाळी जाते. पण यांची काही कोणाच्या पायाखाली जाऊन बसली नाही.

आता कधी दिवसातून एकदा, कधी तीनतीनदा डबल येते. मी प्रत्येक वेळी हातातलं टाकून जाते, चुकवायची हिंमत नाही. बहुतेक वेळा हे अंगणात खुर्चीवर पेपर वाचत असतात, श्वास नीट, नळी स्वच्छ, आणि मला धापा टाकत आलेली पाहून दचकतात.

"तुमी बलावलं का?" मी विचारते.

हे पेपर खाली घेतात. दाराकडं पाहतात, आतल्या अंधाराकडं. मग मला भीती वाटू नये म्हणून मान हलवतात. हो.

आणि खुर्ची थोडी सरकवून मला बाजूला बसायला जागा करतात.